सुरूचं झाड आणि तोरू दत्त

(गेल्या गणेशोत्सवात गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडी काटछाट करून इथे देत आहे.)



सांस्कृतिक समितीच्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'कोलकात्यातली मराठी माणसं'. तो विषय मी टाळला. त्यावर बोलण्याचा अधिकार असलेली मंडळी पुढच्या दोन रांगांमध्येच बसली आहेत आणि मी काही चुकीचं बोललो तर ती इथेच उभी राहून दुरुस्त करतील! म्हणून मी म्हटलं, आपण ज्या शहरात पोटापाण्यासाठी आलो त्या शहरातल्या एका मुलीबद्दल बोलतो. मुलगीच म्हणायचं, कारण ती गेली तेव्हा तिला बावीसावं वर्ष चालू होतं. तेवढ्या आयुष्यात तिने फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादाचं एक पुस्तक छापून घेतलं, फ्रेंचमध्ये एक संपूर्ण कादंबरी लिहिली, इंग्रजीत दुसरी अर्धी लिहिली, आणि आजही महाविद्यालयांत शिकवल्या जातात अशा इंग्रजी कविता मागे ठेवल्या. तिचं नाव तोरू दत्त.

माझी आणि तिची ओळख कशी झाली ते आधी सांगतो. १९८८ साली बँकेने माझी बदली कोलकात्याला केली. घरची मंडळी वर्षभर पुण्यालाच होती. संध्याकाळी वेळ जाईना, म्हणून एका फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. आमच्या शिक्षिका बंगाली होत्या. माझे उच्चार ऐकून त्या एकदा म्हणाल्या, "तुमच्या फ्रेंचला मराठीचा वास येतो, पण हरकत नाही, तोरूच्या इंग्रजीलाही फ्रेंचचा वास येत असे." कोण ही तोरू, म्हणून शोधायला गेलो, तो आजपर्यंत शोधतोच आहे.

जन्म ४ मार्च १८५६, उत्तर कोलकात्यातल्या रामबागानच्या दत्त घराण्यात. घराणं सुखवस्तू आणि शिकलेलं. वडील गोविंदचंद्र स्वतः इंग्रजीत कविता करायचे. ते, त्यांचे भाऊ आणि पुतण्या अशा चौघांच्या कवितांचं पुस्तक १८७० साली लंडनला निघालं होतं. ज्यांना आपण अर्थशास्त्रामुळे ओळखतो ते रमेशचंद्र दत्त याच घराण्यातले, तोरूचे चुलत नात्यातले. आपल्या माहितीसाठी सांगतो, हे रमेशचंद्र १९०४ साली सयाजीराव महाराजांच्या बडोद्याला गेले, पुढे तिथले दिवाण झाले आणि १९०९ मध्ये बडोद्यातच वारले. म्हणजे मराठी माणसं नोकरीसाठी इकडे आली तशी इकडची माणसं मराठी दरबारातही नोकरीला जात होती.

खुद्द तोरूचंही बालपणीचं एक वर्ष मुंबईत गेलं आहे. वडील सरकारी हिशेब खात्यात होते, त्यामुळे १८६३ च्या सुमारास हे कुटुंब वर्षभर मुंबईला होतं. सात वर्षांच्या मुलीला तिथलं काय आठवत राहिलं असेल ते सांगता येत नाही, पण मुंबईच्या पावसात ती भिजली असणार एवढं समजायला हरकत नाही.

तिन्ही भावंडं अशी: थोरला अब्जू, मधली अरू, धाकटी तोरू. १८६२ मध्ये कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आईला, क्षेत्रमणींना, हे पहिल्याने मान्य नव्हतं, मागाहून त्या रमल्या. पण धर्म बदलला म्हणून आईच्या तोंडची रामायण-महाभारताची गाणी बदलली नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे. १८६५ साली अब्जू चौदाव्या वर्षी गेला. १८६९ मध्ये वडिलांनी दोन्ही मुलींना आणि पत्नीला घेऊन युरोप गाठला. बंगाली घरातल्या मुली समुद्र ओलांडून शिकायला जाण्याचा तो काळ नव्हे. या दोघी अगदी पहिल्या काहींमधल्या. दक्षिण फ्रान्समधल्या नीस गावी त्या काही महिने शाळेत गेल्या. तोरूच्या आयुष्यातलं शालेय शिक्षण म्हणावं तर तेवढंच. पण त्या काही महिन्यांत फ्रेंच भाषेने तिला जे धरलं ते शेवटपर्यंत. पुढे लंडन, मग केंब्रिज. तिथे स्त्रियांसाठी नव्याने सुरू झालेली व्याख्यानं त्या ऐकत, आणि तिथेच मेरी मार्टिन नावाची मैत्रीण भेटली. फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रान्स हरला तेव्हा लंडनमध्ये बसलेली ही पंधरा वर्षांची मुलगी घरचं कोणी गेल्यासारखी कष्टी झाली होती.

१८७३ च्या सप्टेंबरात कुटुंब कोलकात्याला परतलं. दोघी बहिणींची प्रकृती तोपर्यंत खालावली होती. २३ जुलै १८७४ ला अरू क्षयाने गेली, विसाव्या वर्षी. तीन मुलांतली एक उरली.

आता पाहा, बहीण जुलैत गेली आणि डिसेंबरात तोरूचा पहिला लेख छापून आला. अठरा वर्षांची होती. लालबिहारी डे यांच्या 'बेंगॉल मॅगझीन'मध्ये लकाँत द लील या फ्रेंच कवीवर तिने लिहिलं, सोबत त्याच्या कवितांचे अनुवाद दिले. हा कवी हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर जन्मलेला. भारतीय पुराणांवर फ्रेंचमध्ये कविता करणारा. आणि त्याच्यावर इंग्रजीत लिहिणारी कोण, तर मानिकतल्याच्या घरात बसलेली बंगाली मुलगी. मला हा योग फार मजेशीर वाटतो.

त्यानंतर ती झपाट्याने कामाला लागली. व्हिक्टर ह्यूगो आणि तिएर यांची फ्रान्सच्या संसदेतली भाषणंसुद्धा तिने इंग्रजीत आणली. आणि १८७६ मध्ये भवानीपूरच्या 'साप्ताहिक संवाद' छापखान्यात तिचं पुस्तक छापलं गेलं. नाव मराठीत सांगायचं तर 'फ्रेंच शेतांत वेचलेली एक पेंढी'. कापणी झाल्यावर शेतात राहिलेली कणसं गोरगरीब वेचतात ना, त्याला आपण सरवा वेचणं म्हणतो. ते नाव तिने स्वतःच्या पुस्तकाला दिलं. १६५ कविता. शेनिए, बेरांजे, ह्यूगो, गोतिए, असे कितीतरी कवी. शेवटी टिपा, आणि त्या टिपांत या कवींबद्दल इतक्या ठाम मतांचा पाऊस की वाचताना हसू येतं. प्रस्तावना नाही. वडिलांचीही नाही, कोणा साहेबाचीही नाही. आपल्याकडे कवितासंग्रह काढताना पहिल्यांदा प्रस्तावनेसाठी कोणाच्या पायऱ्या झिजवायच्या हे ठरतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

अनुवाद कसा करायची? आपल्याकडे वामन पंडितांनी गीतेचं समश्लोकी केलं, त्या जातीचा तिचा प्रयत्न असे. मूळ कडव्याची ठेवण, यमकांची जागा शक्यतो सोडायची नाही. त्यामुळे कुठे कुठे ओळ अडखळते, इंग्रजी छंदाचा तोल जातो, हे मान्य केलं पाहिजे. काही अनुवाद नुसतेच इमानी आहेत. पण जिथे जमलं आहे तिथे हा अनुवाद आहे हे विसरायला होतं. शब्दांच्या बाबतीत ती हट्टी होती. वडिलांनी लिहून ठेवलं आहे की एखाद्या फ्रेंच, जर्मन किंवा संस्कृत शब्दाच्या अर्थावरून बापलेकीचा वाद होई, एक रुपयाची पैज लागे, मग कोश उघडला जाई. दहात सात-आठ वेळा मुलगी बरोबर निघे. आणि हरली तर? तर आधी हसायची आणि मग वडिलांच्या पिकल्या गालावर बारीक बोटांनी थोपटायची. 'बारीक बोटं' असं त्या बापाने लिहिलं आहे. लिहिताना ती बोटं बारीक कशाने झाली होती हे त्याला ठाऊक होतं.

पुस्तक इथे कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. एक प्रत लंडनला 'एक्झॅमिनर' या साप्ताहिकाच्या कचेरीत पोचली. १८७६ चा ऑगस्ट महिना, पुस्तकांचा मंदीचा हंगाम. संपादक मिंटो यांनी एडमंड गॉस या तरुण समीक्षकाच्या हातात ते कोंबलं. गॉसने पुढे लिहिलं आहे की ओबडधोबड छपाईचं ते पुस्तक पाहून त्याला काहीच आशा नव्हती. पण उघडलं आणि ह्यूगोच्या एका प्रभातगीताच्या अनुवादावर नजर पडली, आणि तो थक्क झाला. विलायतेत तोरूचं नाव झालं ते इथून.

यात एक गोष्ट आहे. त्या पुस्तकातल्या आठ कविता तोरूच्या नाहीत, त्या अरूच्या आहेत. तोरूने बहिणीचे अनुवाद त्यात घातले आणि ते कोणाचे ते नोंदवलं. आणि गॉसला ज्याने थांबवलं ते प्रभातगीत अरूचं होतं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीच्या ओळींनी धाकट्या बहिणीसाठी दार उघडलं. मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

फ्रान्समध्येही दखल घेतली गेली. 'रव्ह्यू दे द्यू माँद' हे पॅरिसचं भारदस्त नियतकालिक तोरू नेमाने वाचायची; त्याच नियतकालिकात १८७७ च्या फेब्रुवारीत आंद्रे तरिए याने तिच्या पुस्तकावर लिहिलं. कोणाला या आनंदाची कल्पना यावी म्हणून सांगतो, आपण वर्षानुवर्षं घरी 'सत्यकथा' घेत असावं आणि एक दिवस त्यात आपल्यावरच लेख असावा, तसं.

याच सुमारास तिचा आणखी एक पत्रव्यवहार सुरू झाला. क्लारिस बादेर या फ्रेंच बाईंनी प्राचीन भारतातल्या स्त्रियांवर १८६४ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. तोरूने त्यांना पत्र टाकलं की मला हे इंग्रजीत आणायची परवानगी द्या. बाईंना कोण आनंद! त्यांनी लगेच होकार कळवला. पण ते काम व्हायचं नव्हतं.

मेरी मार्टिनला लिहिलेली पत्रं वाचावीत अशी आहेत. त्यांत मांजरं आहेत, जॉनेत आणि जांतीय नावाच्या घोड्या आहेत, बागेतले आंबे आहेत, वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या आहेत. इंग्लंडसारखं मोकळेपणाने इथे हिंडता येत नाही ही कुरकूर आहे. धर्मांतरामुळे नातलगांत फार येणं-जाणं उरलं नव्हतं. साहेबांच्या समाजातही यांची जागा नव्हती. एकदा तिने पत्रात स्वतःच्याच देशबांधवांना 'नेटिव्ह' म्हटलं. मेरीने टोकलं, तुझ्याच लोकांना तू असं का म्हणतेस? तोरूने चूक कबूल केली आणि यापुढे असं म्हणणार नाही असं कळवलं. आणि नंतरच्या पत्रांत गोऱ्यांच्या अन्यायाबद्दल, न्यायालयांतल्या पक्षपाताबद्दल तिचा सूर चढत गेलेला दिसतो.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. मी या व्याख्यानाची तयारी करतो आहे असं कळल्यावर आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "हे सगळं ठीक, पण त्या पोरीने मातृभाषेत का नाही लिहिलं? परक्या दोन भाषांत लिहून काय मिळवलं?" प्रश्न रास्त आहे, विशेषतः आपल्यासाठी. परवाच्या पठण स्पर्धेत एका चिरंजीवांनी अथर्वशीर्ष पाठ म्हटलं, उच्चार स्वच्छ. नंतर कागद पाहिला तर सगळं रोमन लिपीत लिहिलेलं. त्याच्या आईला अवघडल्यासारखं झालं. माझ्या घरी वेगळं काही नाही. माझी मुलगी इथेच वाढली. आजीला ती पत्र लिहायची तेव्हा मजकूर मराठी, लिपी इंग्रजी, आणि मध्येच बंगाली शब्द. आजी ते शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायची. मी त्यावरून मुलीवर रागावलेलो आहे, आणि रागावून काही उपयोग झाला नाही हेही सांगतो.

तर तोरूने काय केलं? युरोपातून आल्यावर दोनेक वर्षांनी तिने वडिलांबरोबर संस्कृत शिकायला घेतलं. वर्षही पुरं झालं नसेल, दुखणं बळावलं आणि अभ्यास थांबवावा लागला. पण तेवढ्यात विष्णुपुराणातलं ध्रुवाचं आख्यान आणि जडभरताची कथा तिने इंग्रजी पद्यात आणली. मग सावित्री, सीता, लक्ष्मण, प्रल्हाद. एकलव्य, ज्याला ती 'बुट्टू' म्हणते. आणि आपला श्रावणबाळ, त्याचं नाव तिच्याकडे 'सिंधू' आहे. हे सगळं तिच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघालं, गॉसच्या प्रस्तावनेसह. आपल्या घरातल्या बायका वटपौर्णिमेला जिची पूजा करतात ती सावित्री या पुस्तकात आहे, आणि यमाशी वाद घालताना ती कोणापुढे दबून बोलत नाही.

त्यातली 'सीता' ही छोटी कविता माझ्या मते फार मोलाची. अंधाऱ्या खोलीत तीन मुलं आईच्या तोंडून सीतेच्या वनवासाचं गाणं ऐकताहेत आणि रडताहेत. तीन मुलं म्हणजे कोण हे सांगायला नको. कविता लिहिली तेव्हा तिघांतली एकच उरली होती. आई मात्र बंगालीत गायलेली होती. म्हणून त्या ज्येष्ठ सभासदांना मी एवढंच उत्तर दिलं: शाळेतली फ्रेंच आणि कॉलेजातली इंग्रजी तिने लिहिण्यासाठी वापरली, पण तिला रडवणारं गाणं आईच्या भाषेतलंच होतं. त्यांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, "मग बंगालीतच लिहायचं होतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित आणखी दहा वर्षं मिळाली असती तर तिने दिलं असतं.

आता ते झाड. दत्तांचं बागमारीला बागेचं घर होतं. बागमारी हे नाव आजही मानिकतल्यापलीकडे कायम आहे. त्या बागेतल्या कॅज्युअरिना वृक्षावर तिची सर्वांत प्रसिद्ध कविता आहे. मी पुष्कळ दिवस हे काहीतरी विलायती झाड समजत होतो. एकदा कुटुंबासह दीघ्याला गेलो. तिथल्या किनाऱ्यावरच्या झाडांना बंगाली लोक 'झाऊ' म्हणतात. आमच्या सौ. एकदम म्हणाल्या, "अहो, हे तर आपले सुरू!" कोकणात किनाऱ्याला लागून जी सुरूची बनं असतात, तेच हे झाड. मग कविता पुन्हा वाचली. प्रचंड मोठं झाड, त्याला अजगरासारखा विळखा घालून वर चढलेली वेल, पहाटे शेंड्यावर बसलेलं वानर, तळ्यातली कमळं. आणि त्याच्यातून वारा गेला की येणारा तो आवाज. सुरूच्या बनात जे उभे राहिले आहेत त्यांना तो माहीत आहे, समुद्र दूर असला तरी समुद्र जवळ आल्यासारखा वाटतो. तोरू म्हणते की तो विलाप तिला फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यांवरही ऐकू येई. आणि झाड देखणं आहे म्हणून ते प्रिय नाही, ज्यांच्याबरोबर त्याखाली खेळलो ते आता नाहीत म्हणून. मी तिचा मराठी अनुवाद करण्याचा तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा कागद फाडला. 'सुरू' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मुरुडचा किनारा येतो, बागमारी येत नाही.

३० ऑगस्ट १८७७ ला तोरू गेली. क्षयच. वडिलांनी तिचे कागद चाळले तेव्हा एक संपूर्ण फ्रेंच कादंबरी हाती लागली. दोघी बहिणींचा बेत होता, तोरूने लिहायचं आणि अरूने चित्रं काढायची. अरू एकही पान न पाहता गेली. एका फ्रेंच सेनापतीच्या मुलीची ही रोजनिशी आहे; जिच्यावर तिचा जीव जडतो तो सरदार सख्ख्या भावाचा खून करतो, आणि ती दुसऱ्याशी संसार थाटून पहिल्या बाळंतपणात मरते. कथानक थोडं नाटकी आहे, हे खरं. पण कोलकात्यात बसून लिहिलेलं ते फ्रेंच पॅरिसच्या प्रकाशकाने १८७९ मध्ये छापलं, आणि त्याची प्रस्तावना क्लारिस बादेर यांनी लिहिली. भारतीयाने फ्रेंचमध्ये लिहिलेली ही पहिली कादंबरी. २००५ मध्ये एन. कमला यांनी ती इंग्रजीत आणली. वडिलांनी हे सगळं एकेक करून छापून घेतलं. ज्या बापाला तिन्ही मुलांच्या मागे राहावं लागलं त्याने उरलेली वर्षं मुलीची मुद्रितं तपासण्यात घालवली.

तोरू गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, आपल्या रमाबाई याच शहरात आल्या आणि इथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. तोरूपेक्षा दोनच वर्षांनी लहान. दोघींची भेट हुकली. आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये याच बंदरातून आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. त्याआधी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी केलेलं भाषण आपल्याला माहीत आहे. त्याही परदेशी बाईशी पत्रमैत्री करणाऱ्या. त्याही क्षयाने गेल्या. त्याही एकविसाव्या वर्षीच. आनंदीबाईंची पुण्यतिथी आपण साजरी करतो तेव्हा या बंगाली मुलीचंही नाव घ्यावं अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

तिची समाधी मानिकतल्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे, घरच्यांच्या शेजारी. मागच्या खेपेला मी मुलीला बरोबर नेलं होतं. तिने परत येताना टॅक्सीत विचारलं, "बाबा, ती कविता मराठीत कशी वाटेल?" मी म्हटलं, तूच करून बघ. तिने केली आहे, लिपी अर्थातच रोमन. पहिलं कडवं माझ्यापेक्षा बरं झालं आहे.

ज्यांना दफनभूमी पाहायची असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता मंडळाच्या दारापाशी यावं, एकत्र जाऊ. चपला नकोत, बूट घाला. पावसाळ्यात तिथे गवत गुडघ्याएवढं वाढतं.